माती ओली आहे, तरी झाड दुपारी मान का टाकतं?

पुण्यातल्या धायरीच्या एका ताईंनी विचारलंय. तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, चाळीसेक कुंड्या. फेब्रुवारीपर्यंत बाग हिरवीगार होती. होळी झाली आणि पंधरा दिवसांत मिरची, टोमॅटो, जास्वंद दुपारी माना टाकायला लागले. म्हणून त्यांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीन वेळा पाणी सुरू केलं. तरी खालची पानं पिवळी पडतात, टोमॅटोची फुलं गळतात आणि मोगरा नुसता पानांनी भरलाय, कळी एक नाही. सावलीसाठी हिरवी जाळी बांधू का, खत कमी पडतंय का, आणि आता नवीन काय लावता येईल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, जाळी आणि खत दोन्ही जरा बाजूला ठेवू. आधी दुपारचं पाणी बंद करा. आज वाचलंत तर आजपासूनच.

दुपारी दोन वाजता झाडाने मान टाकली म्हणजे त्याला तहान लागली, असं आपल्याला वाटतं. आपल्याला उन्हात तहान लागते, म्हणून ते वाटणं साहजिक आहे. पण मार्चच्या शेवटी पुण्यात काय होतं ते बघा. पहाटे अंगावर पांघरूण लागतं आणि दुपारी पारा ३६-३७ वर जातो. एका दिवसात वीस अंशांचा फरक. त्यात दुपारची हवा इतकी कोरडी की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली येते. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची ताकद तिपटीहून जास्त होते. अशी तापलेली कोरडी हवा पानांतून पाणी अक्षरशः ओढून घेते. मुळांशी भरपूर ओल असली तरी त्या वेगाने पाणी वर पोचत नाही. मग पान लुळं पडतं. लुळं पडलेलं पान उन्हाला उभं-तिरपं अंग देतं, त्यामुळे कमी तापतं. दुधी, काकडी, जास्वंद, टोमॅटो अशी मोठ्या मऊ पानांची झाडं हे रोज करतात. संध्याकाळी साडेसहाला ती पुन्हा ताठ उभी असतात.

म्हणून झाडाची परीक्षा दुपारी घेऊ नका, सकाळी सहाला घ्या. सकाळी पान ताठ असेल तर कालच्या दुपारचं काही मनावर घ्यायचं कारण नाही. सकाळीच मान खाली असेल तर मात्र लगेच मातीत बोट घाला, दोन पेरं आत. कोरडं लागलं तर पाणी कमी पडलंय, भरपूर द्या. ओलं लागलं आणि तरी झाड लुळं असेल तर मुळं गुदमरलीत. खालची पिवळी पानं, रोज तीन वेळचं पाणी आणि तरी मलूल झाड, हे तुमचं वर्णन वाचल्यावर मला या दुसऱ्या प्रकाराचीच जास्त शंका येते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सहकारनगरच्या एका गच्चीवर अगदी हेच बघितलं. बारा इंची प्लास्टिकच्या कुंडीत मिरची होती, पानं पिवळट, शेंडा लोंबलेला. वरची माती काळीभोर ओली. मी झाड बुंध्याशी धरून कुंडी आडवी केली आणि हलकेच ठोकून मातीचा गड्डा बाहेर काढला. कडेची पांढरी मुळं, जी खरं पाणी पितात, ती तपकिरी झालेली. बोटांत धरून ओढली तर साल निसटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहिला. तळाच्या चार बोटं मातीला गटाराचा वास. कुंडीचं भोक आतून मुळांनी आणि चिकट मातीने बुजलं होतं. त्या घरातले आजोबा रोज दुपारी मोठ्या मायेने तांब्याभर पाणी घालायचे. ते तळाशी साठत होतं, उन्हाने तापत होतं आणि मुळं त्यात शिजत होती. तुम्हीही तुमची सगळ्यात मलूल कुंडी अशीच काढून बघा. मुळं पांढरी, करकरीत असतील तर माझी शंका चुकली. तपकिरी असतील तर कुजका भाग कात्रीने काढा, भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, मातीत थोडी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा मिसळा, झाड एक तृतीयांश छाटा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान चिखलही नसतं आणि कोरडंही नसतं. मातीच्या कणांभोवती ओल असते आणि मधल्या फटींत हवा असते. त्या स्थितीत पेरणी करतात, कारण मुळांना ओल आणि हवा दोन्ही लागतं. कुंडीतही उन्हाळाभर राखायचा तो वाफसाच. मूठभर माती हातात घेऊन दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर तो फुटावा. पाणी गळलं तर जास्त झालं, गोळाच झाला नाही तर कमी पडलं.

पाणी पहाटे द्या, सात-साडेसातच्या आत. तेव्हा माती रात्रभर निवलेली असते आणि झाडाला पुढचा सगळा दिवस काढायचा असतो. देताना तळाच्या भोकातून थेंब येईपर्यंत द्या. बारा इंची कुंडीला एवढ्या उन्हात दीड-दोन लिटर सहज लागतं. रोज वरवर शिंपडलं तर वरचा इंचभर भिजतो, मुळं वरच राहतात आणि वरचीच माती सगळ्यात जास्त तापते. सहा-आठ इंची लहान कुंड्या आणि मातीच्या कुंड्या संध्याकाळपर्यंत सुकतात, त्यांना ऊन उतरल्यावर पुन्हा थोडं चालेल. बाकीच्यांना बोट घालून बघितल्याशिवाय नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपमध्ये कालचं पाणी असतं. संध्याकाळी नळ सोडलात की पहिलं बादलीभर पाणी चटका बसेल इतकं गरम येतं, आणि ते जातं नळाजवळच्या पहिल्या दोन-तीन कुंड्यांत. "नळाजवळचीच झाडं का मरतात कळत नाही," असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. ते पाणी आधी बादलीत सोडा, निवू द्या, रात्री घाला.

आणि काही कुंड्या इतक्या वाळलेल्या असतात की पाणी घातलं की क्षणात तळातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं झाड भिजलं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या मिश्रणाचं हे हमखास होतं. एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी धरत नाही, गड्डा आकसतो आणि पाणी कडेच्या फटीतून निघून जातं. अशी कुंडी टबात पाणी घेऊन त्यात अर्धा तास बसवा. बुडबुडे यायचे थांबले की उचला.

एप्रिलमध्ये सिंहगड रोडच्या बाजूला बऱ्याच सोसायट्यांना टँकर किंवा बोअरचं पाणी येतं. मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरी पापडी दिसायला लागली, पानांच्या कडा करपल्या, तर ते क्षार आहेत. वरची बोटभर माती खरवडून टाका आणि पंधरा दिवसांतून एकदा त्या कुंडीतून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाहू द्या. आरओ यंत्राचं बाहेर टाकलेलं पाणी क्षारांचंच असतं, ते फक्त फरशी धुवायला वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि एसीचं ठिबकणारं पाणी मात्र उत्तम.

आता गच्चीच्या तापण्याबद्दल, कारण पाण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि लोक याकडे फार कमी लक्ष देतात. बातमीत सांगतात तो पारा सावलीतल्या, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवरच्या पेटीतला असतो. तुमची कुंडी त्या हवेत राहत नाही, ती स्लॅबवर राहते. पुण्याच्या हवामान खात्यात १९३२ साली कृषी हवामानशास्त्राचं काम सुरू झालं, ते डॉ. एल. ए. रामदास यांच्या हातून. जमिनीलगतची हवा आणि जमीन यांच्या तापमानाचा त्यांनी इथेच वर्षानुवर्षं अभ्यास केला. काळ्या मातीच्या पृष्ठभागावर नुसता पांढऱ्या पुडीचा थर दिला तर खालची माती किती कमी तापते, हेही त्यांनी आपल्या याच मातीवर मोजून दाखवलं. मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो, कारण आपल्या गच्चीवर आपण नेमकं तेच करायचं आहे.

काळी ग्रो बॅग किंवा काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी तीनला हाताने धरून बघा. हात टेकवत नाही. पश्चिमेकडच्या बाजूने आतली मुळं त्या भिंतीला चिकटून असतात. माती चाळीस अंशांच्या पुढे गेली की मुळांचं काम मंदावतं, आणखी तापली तर ती मरतात. म्हणून चुन्याची सफेदी घ्या आणि काळ्या कुंड्यांना बाहेरून दोन हात मारा. जमत नसेल तर जुनं गोणपाट किंवा पांढरं सुती कापड गुंडाळा. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवा, म्हणजे स्लॅबची धग थेट लागणार नाही आणि भोकही मोकळं राहील. कुंड्या सुट्या सुट्या मांडल्या असतील तर एकमेकींना चिकटवून आणा. मोठ्या दणकट कुंड्या पश्चिम आणि दक्षिण कडेला, लहान नाजूक मध्ये. नुसत्या या मांडणीने मधल्या कुंड्यांचं पाणी लक्षात येण्याइतकं कमी लागतं.

मातीवर आच्छादन हवंच. पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवरची उसाची चिपाडं, यातलं जे मिळेल ते. उन्हाळ्यात रसवंतीवाले चिपाडं टाकूनच देतात, पिशवी घेऊन गेलात तर आनंदाने देतील. ती दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि बोटभर लांबीचे तुकडे करून पसरा, नाहीतर साखरेमुळे मुंग्या लागतात. थर दोन इंचांचा असावा. बुंध्याभोवती मात्र दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. आच्छादन घातल्यावर आठ दिवसांनी ते बाजूला सारून खालची माती बघा. वाफसा म्हणजे काय, ते मी लिहिलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा तिथे चांगलं कळेल.

जाळीचं उत्तर झाडागणिक वेगळं आहे. सगळ्या गच्चीवर जाळी टाकू नका. पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली मोगरा, गुलाब, जास्वंद, बोगनवेल, अडेनियम यांची फुलं कमी होतात. जाळी हवी ती पालेभाज्यांना, नुकत्याच लावलेल्या रोपांना, नेचे आणि इतर शोभेच्या पानांच्या झाडांना, आणि दुपारनंतर मिरची-टोमॅटोला. झाडांच्या डोक्यापासून निदान दोन-तीन फूट वर बांधा. अंगाला टेकलेली जाळी स्वतः तापते आणि हवा कोंडते. शक्य असेल तर ती पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी उभी लावा, कारण झाडांचे खरे हाल अडीच ते पाचच्या तिरप्या उन्हाने होतात.

ज्यांची गच्ची नसून बाल्कनी आहे, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. डिसेंबरात भर दुपारी पुण्याचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७१ अंशांच्या पुढे जातो आणि मेच्या मध्याला, १३-१४ तारखेच्या सुमारास, थेट डोक्यावर येतो. तो आपला शून्य सावलीचा दिवस. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीतलं ऊन उन्हाळ्यात वरच्या स्लॅबने अडतं. हिवाळ्यात फुललेला गुलाब तिथे एप्रिलात रुसतो, आणि लोक त्याला खत घालत बसतात. उलट, एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं, आणि तिथली मनी प्लांट, नेचे, पीस लिली भाजून निघतात. एका रविवारी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे पडतंय ते खडूने फरशीवर आखून ठेवा. महिन्याने पुन्हा आखा. कुंडी कुठे सरकवायची ते त्या रेघाच सांगतील.

तुमच्या टोमॅटोची फुलगळ खताने थांबणार नाही. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढे आणि रात्रही उबदार राहिली की परागकण नीट तयार होत नाहीत. फलधारणा न झालेलं फूल झाड टाकून देतं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा, काही फळं धरतील. चेरी टोमॅटो जरा जास्त तग धरतो. आणि जी फळं धरली आहेत ती झाडावर लाल व्हायची वाट बघू नका. फार उष्णतेत लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-केशरीच राहतं. रंग बदलायला लागला की तोडून घरात, फ्रिजच्या बाहेर ठेवा, चार दिवसांत लाल होतात. फळाचं बूड काळं पडत असेल तर ते कधी कोरडं कधी चिखल अशा पाण्यामुळे, कारण पाण्याबरोबर कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. वाफसा सांभाळलात की नवीन फळं चांगली येतात.

मोगऱ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण या दिवसांत मोगरा फुलला नाही तर गच्चीला काही अर्थच नाही असं मला मनापासून वाटतं. मोगऱ्याची कळी नवीन फुटीवर येते. जुन्या फांदीवर कितीही पानं असली तरी ती नुसती पानंच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत त्याची छाटणी करायची असते. ती राहिली असेल तर आत्ता करा, अजून उशीर झालेला नाही. प्रत्येक फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर कापा, जुनी जाड पानं हाताने ओरबाडून काढा आणि आठवडाभर पाणी अगदी मोजकं द्या, फक्त फांदी सुरकुतणार नाही इतकं. मग वरची माती खुरप्याने हलवा, दोन मुठी जुनं शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळा आणि भरपूर पाणी द्या. कुंडी निदान सहा तास थेट उन्हात हवी. महिना-दीड महिन्यात कळ्या लागतात. सतत ओल, सावली आणि नत्राचं खत या तिन्हीने मोगरा पानांनी माजतो, आणि तुमच्याकडे रोज तीनदा पाणी चालू होतंच. पहिला बहर ओसरला की फुलं आलेले शेंडे पानांच्या दोन-दोन जोड्यांसह खुडा, दुसरा बहर येतो. कळ्या संध्याकाळी टपोऱ्या पांढऱ्या झाल्या की काढा, रात्री ओंजळीत उमलतात.

गुलाबाला आता कात्री लावू नका, फक्त वाळकी फुलं काढा. छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात.

खताचं म्हणाल तर मलूल झाडाला खत नको. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी एप्रिलच्या मध्याला गुलाबांना चमचा-चमचा युरिया घातला होता आणि आठवड्यात सहा झाडांची पानं कडेने करपून गेली. मुळांना पाणी कमी पडत असताना क्षार वाढले की मुळं पाणी घेऊच शकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये गांडूळखत मूठभर, किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं पातळ खत) दहापट पाणी घालून, ओल्या मातीत, पंधरवड्यातून एकदा. ताजं शेण तर नाहीच.

कीड म्हणाल तर या कोरड्या हवेत लाल कोळी येणारच. पान वरून निस्तेज, बारीक पिवळट ठिपक्यांचं दिसतं. ते उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका. धुळीचे कण चालायला लागले तर तोच. पहाटे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा, तीन दिवसांआड तीनदा. त्याला ओल सोसत नाही. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर शेंडा खुडून पिशवीत बांधून टाका, आणि मुंग्या कुठून चढतात ते शोधा, कारण त्याच त्याला झाडाझाडावर नेतात. निंबोळी तेल फवारायचं तर सूर्य मावळल्यावरच. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

नवीन लावायला भेंडी, गवार, चवळी, माठ, अंबाडी यांना हे ऊन मानवतं. काकडी-दोडका मोठ्या कुंडीत लावा, अठरा इंचांच्या खाली नको. कोथिंबीर हवीच असेल तर सकाळचंच ऊन येईल अशा कोपऱ्यात, आणि महिन्यात कापून घ्यायची, नाहीतर फुलावर जाते. पालक आता राहू द्या. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आलं आणि हळद लावा. कंदाचा डोळा वर ठेवून, दोन इंच खोल, अर्ध्या सावलीत. कोंब वर यायला वेळ लागतो, तोवर पाणी बेताचंच.

आणि वळवाचं लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारपर्यंत हवा कोंदते, ढग चढतात आणि पावसाआधी दहा मिनिटं सोसाट्याचा वारा सुटतो. कठड्यावरच्या कुंड्या आत्ताच खाली उतरवून ठेवा. तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण चाललंय ते आपल्याला दिसत नसतं. जाळीच्या दोऱ्या चारही कोपऱ्यांना पक्क्या करा, टोमॅटोला काठीचा आधार द्या. गारा पडल्या तर फाटलेली पानं लगेच तोडत बसू नका, आठ दिवस थांबा, उरलेलं हिरवं पानही झाडाला अन्न देत असतं. आणि वळीव होऊन गेला की दुसऱ्या दिवशी पहाटे पाइप हातात घेण्याआधी बोट मातीत घाला. बहुधा दोन दिवस पाणी लागणार नाही.